खुंट्याची दुसरी बाजू

दिवाळी सरली की गंगाखेडच्या डोंगरातून ट्रक भरून निघतात. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, तान्ही लेकरं आणि वर ताडपत्री. आमच्या पेडगावातून ऊसतोडीला फारसं कुणी जात नाही. गावाला रेल्वेचं ठेसन आहे, परभणी जवळ आहे, तरणी पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत जातात. पण पेडगावच्या लेकी डोंगरात दिलेल्या आहेत, जिंतूरकडं दिलेल्या आहेत. त्या नवऱ्यासंगं कोयत्यावर जातात आणि जाताना एखादं लेकरू आजोळी टाकून जातात. ‘टाकून’ हा शब्द त्यांचाच. तो उच्चारताना त्यांचा आवाज खाली जातो.

मी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. दर कार्तिकात माझ्या अंगणवाडीत अशी दोन-चार नवी तोंडं यायची आणि चैत्रापर्यंत राहायची. त्यातल्या एका पोरीमुळं हा लेख लिहायला बसले आहे. चार वर्षांची होती. मायबाप कृष्णेच्या काठाला कुठल्याशा कारखान्यावर गेलेले. पहिले आठ दिवस ती दाराकडं तोंड करून बसली. रडली नाही. रडणारं लेकरू सोपं असतं, त्याला उचलून घेता येतं, चिमणी दाखवता येते. हिला काही दाखवायला गेलं की ती माझ्या हाताच्या पलीकडं रस्त्याकडं बघायची. खिचडी पुढं ठेवली तर खायची, उचलली तर उचलू द्यायची, बोलायची मात्र नाही.

एके दिवशी तिची आजी न्यायला जरा लवकर आली. आमची मदतनीस तांदूळ निवडत होती. बसल्या बसल्या म्हातारीनं सूप आपल्याकडं ओढलं, नातीला मांडीवर घेतलं, आणि हात चालायला लागला तसा तिचा गळाही चालायला लागला. ओवी होती. मी लहानपणापासून ऐकलेलीच चाल. पण शब्द त्या दिवशीचे होते. त्यात पोरीच्या मायेचं नाव आलं, बापाचं आलं, त्यांच्या बैलजोडीचं आलं, मग कारखान्याच्या गावाचं, मग नदीचं आणि शेवटी पोरीचं. पोरगी वळली. आजीच्या तोंडाकडं बघत म्हणाली, ‘‘माहं नाव आणखी एकदा घे.’’ आठ दिवसांत मी ऐकलेलं तिचं हे पहिलं वाक्य.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे, की आपण ‘विरहाची गाणी’ म्हणून जे काही ऐकतो, कौतुकानं एकमेकांना पाठवतो, त्यातलं नेमकं औषध आपल्याला ओळखता आलेलं नाही. सूर गोड असला म्हणून त्या पोरीचं मन निवलं नाही. म्हातारीचा गळा तर फाटका होता. तिथं माणसाचं नाव घेतलं गेलं, नात्यासकट आणि ठिकाणासकट. दूर गेलेलं माणूस कुठल्या नदीकाठी आहे, कुणाच्या मागं चालतं आहे, हे कुणीतरी मोठ्यानं सांगितलं. ‘‘येईल गं माय, येईल,’’ असं तर सगळेच सांगत होते.

माझं लग्न 1974 साली झालं. बहात्तरचा दुष्काळ अंगावरून नुकताच गेला होता. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून बापाच्या हाताला पडलेले घट्टे गेले नव्हते, आणि घरात लाल मिलोच्या भाकरीचा वास अजून नाकात होता. माझं माहेर गंगाखेडच्या बाजूचं. तिथून पेडगाव आज मोजलं तर साठ किलोमीटर भरायचं नाही. पण तेव्हा गंगाखेडहून परभणी, परभणीला गाडी बदलून पेडगाव, आणि मधे ठेसनावर बसून राहणं. नव्या सुनेला ते अंतर काशीएवढं. वर्षातून एकदा पंचमीला भाऊ मुराळी म्हणून येणार, नेणार आणि आठ दिवसांत आणून सोडणार, एवढाच माहेराचा हिशेब.

सासरी पहिल्याच पहाटे आत्याबाईंनी उठवलं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. गावात पिठाची गिरणी आलेली होती, पण आत्याबाईंचा गिरणीच्या पिठावर जीव नव्हता, आणि पैसेही मोजून असायचे. जात्याला दोघी लागतात. समोरासमोर बसायचं, एक पाय लांब, एक मुडपून, खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं घास घालायचा, दुसरीनं ओढ सांभाळायची. एकटीनं पायलीभर दळणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी दळलं त्यांनाच ठाऊक. माहेरी माझ्या समोर माय असायची. इथं ही अनोळखी बाई. मान खाली घालून मी खुंटा ओढत होते, आणि आत्याबाईंनी ओवी धरली. ती त्यांच्या भावाची होती.

हा भाऊ मी कधी पाहिला नाही. निजामाच्या राज्यात तो आमच्या गावावरून जाणाऱ्या याच रुळावरून, त्या वेळच्या छोट्या लाइनीनं, हैदराबादला कामाला गेला होता. एक-दोन वर्षांनी यायचा. एका वर्षी आला नाही. मग रझाकारांचे दिवस आले, पोलीस ॲक्शन झाली, 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, माणसं आपापल्या गावी परतली, तो परतला नाही. मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. मी सासरी आले तेव्हा या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. घरात त्याचा विषय निघत नव्हता. पण जात्यावर तो दर पहाटे येत होता. आगीनगाडीतून उतरत होता, त्याच्या खांद्यावर उपरणं होतं, बहिणीच्या दारात बैल सोडत होता. आत्याबाईंच्या ओवीत भाऊ कधी ‘आला होता’ नव्हता, नेहमी ‘येतो’ होता. पुढं मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. नवरा, सासू, दीर, जाऊ, सगळ्यांच्या ओव्यांत झालं-गेलं यायचं. भावाच्या ओवीत एकदाही नाही.

त्या पहिल्या पहाटे मला एवढं कळलं नाही. एवढंच कळलं, की समोरची बाईही कुणाची तरी लेक आहे आणि तिलाही न्यायला कुणी आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या मायेचं नाव घेऊन ओवी धरली. आत्याबाईंनी खुंटा थांबवला नाही.

ओवी फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात नोंद आहे, की महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधी दीडशे वर्षं. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून फार लांब नाही. राजाच्या कानावर गेली ती ओवी आमच्याच मुलखातल्या कुणा बाईची असेल, असं मी आपलं मनाशी धरून चालते. तिनं कुणाचं नाव घेतलं होतं, ते मात्र राजानं लिहून ठेवलेलं नाही.

हीच माझी अनेक पुस्तकांबद्दलची खंत आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले, इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’त या अनाम बायांना ‘मालन’ म्हणून हाक मारली. या सगळ्यांचे उपकार आहेत. पण छापील ओवीखाली गाणारणीचं नाव बहुधा नसतं. ओवीचा सगळा जीव नावात, आणि जिनं नावं घेतली तीच बिनानावाची. फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांबरोबर ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव बाजूला लिहून ठेवलं. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या झाल्या. पॉइटवाँ 2004 मध्ये गेले, हेमाताईही आता नाहीत. त्यांचं काम आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात मोबाइलवर उघडतं. अंगणवाडीचं ॲप शिकता शिकता मी तेही उघडायला शिकले.

तिथं मला आमच्या जिल्ह्यातली बाई भेटली. परभणीच्या पलीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीताच्या अभ्यासकानं त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. त्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी चुलीवर दूध उतू गेलं तरी उठले नाही. अशी पट्टी, असा दम, आणि शब्द सोडताना असा कंप की ओवी संपली तरी खोलीत कुणी रडतं आहे असं वाटत राहतं. सीतेला तोडून वनात सोडलेलं आहे. राम नाही, दीर परत गेला, समजूत काढायला माणूस नाही. अशा वेळी आमच्या बायकांच्या ओवीत बोरी आणि बाभळी बायका होऊन तिच्याजवळ येतात. वाल्मीकीच्या वनात कुठली झाडं होती ते पंडितांनी सांगावं. आमच्या बायकांनी तिच्याभोवती आपल्या बांधावरची काटेरी झाडं आणून उभी केली. ज्या मुलखात सावलीसुद्धा काट्यांतून गाळून येते, तिथल्या बाईला सीतेची सोबत म्हणून दुसरं काय सुचणार होतं?

आणि गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव. लहान पोर असताना मायबापांनी तिला पंढरपुरात दामाशेटींच्या घरी ठेवलं. संत जनाबाई म्हणून आपण हात जोडतो, पण आजच्या भाषेत बोलायचं तर परक्या घरी कामाला ठेवलेलं ते लेकरूच. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसला ही कथा महाराष्ट्रातल्या पोरासोरांना माहीत आहे. मला त्यातलं एकच दिसतं. जात्याला दोघी लागतात, आणि तिच्या समोरची जागा रिकामी होती. तिनं देवाला तिथं बसवलं, आणि त्याला विठाबाई म्हणून हाक मारली. पंढरीत विठोबा होताच. या पोरीला माय हवी होती, म्हणून तिनं त्याची माय केली.

पुरुषांना विरह नसतो असं मी म्हणत नाही. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला गेले. त्यांनी मुंबईतल्या मजुराच्या तोंडी घातलेली ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या पहाडी आवाजात हजारो माणसांपुढं गायली गेली. गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण सांगता सांगता ती संयुक्त महाराष्ट्राचं गाणं होते, आणि मैना म्हणजे मराठी मुलखाबाहेर राहिलेली बेळगाव, कारवार, निपाणी होते. एका कामगाराच्या दुःखाला सगळ्या प्रांताचं दुःख करणं हे फार मोठं काम आहे. आम्ही मराठवाड्याची माणसं 1956 मध्ये हैदराबाद राज्यातून सुटून इकडच्या मराठी माणसांना मिळालो, तोडलेपण म्हणजे काय ते आम्हाला कळतं. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघंही 1969 च्या पावसाळ्यात, महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं गेले. चाकणला माझा मुलगा राहतो तिथं शेजारच्या खोलीत बिहारची पोरं आहेत. तीही रात्री आपल्याकडची गाणी लावतात. भिखारी ठाकूर यांचं ‘बिदेसिया’ हे नाटक कलकत्त्याला गेलेल्या नवऱ्याच्या आणि गावी राहिलेल्या बायकोच्या ताटातुटीचं, आणि ठाकूर स्वतः पोटासाठी खडगपूरला गेलेले. मुलगा सांगतो, शब्द कळत नाहीत पण गाणं चालू झालं की खोलीतलं बोलणं आपोआप थांबतं.

रेडिओचं म्हणाल तर विविध भारतीवरची ‘जयमाला’ आमच्या घरात पूजेसारखी लागायची. माझा दीर फौजेत होता. फौजी भाईंच्या फर्माईशी, त्यांची नावं, मग गाणं. गाणं सुरू झालं की घरातली माणसं आपापल्या कामाला लागायची. सगळे बसायचे ते नावांपुरते. त्याचं नाव त्यात येईल म्हणून. कधी आलं नाही. पण त्याच्यासारख्या कुणाचं तरी येत होतं, आणि आत्याबाई प्रत्येक नावाला ‘‘सुखी राहा बाबा’’ म्हणायच्या.

आता नावं कुठं गेली? गाणी तर पूर्वी कधी नव्हती एवढी आहेत. ऊसतोडीच्या तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मोबाइल आहे, चाकणच्या खोलीत आहे, माझ्या हातात आहे. माहेर, भाऊ, माय, गाव यांवरची गाणी दिवसभर वाजतात. वाईट आहेत असं नाही, काही ऐकून माझेही डोळे भरतात. पण ती लाखो माणसांसाठी एकच आहेत. त्यांत माझ्या लेकीचं नाव नाही, तिच्या बैलाचं नाही. आणि ती मी म्हणत नाही, मी फक्त ऐकते. आठवणीनं गळा भरून आला असताना तो मोकळा व्हायला स्वतःच उघडावा लागतो. दुसऱ्यानं आपल्या वतीनं गायलेलं ऐकून तो तेवढा मोकळा होत नाही.

दुसरीकडं ओवीचा मान फार वाढला आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरी नऊवारी नेसून थर्माकोलच्या जात्याभोवती बसतात. लग्नात जात्याला हळदीकुंकू वाहून फोटो काढतात. ‘आपली संस्कृती’ म्हणून टाळ्या पडतात. मी त्या पोरींना नावं ठेवत नाही, हौसेनं करतात. पण ज्या गरजेनं ओवी जन्मली ती गरज आजही जिल्ह्यात जशीच्या तशी आहे. वर्षातले चार-पाच महिने माय एकीकडं आणि लेकरू एकीकडं, आणि तिथं ओवी पोचत नाही. ती स्टेजवर बसली आहे.

या गोष्टी मी चारचौघींत बोलते तेव्हा शिकलेल्या बाया मला एक रास्त प्रश्न विचारतात. ओवीनं बायकांना सोसायलाच शिकवलं ना? मन मोकळं केलं आणि पुन्हा खुंटा ओढला. गाणं नसतं तर कदाचित उठून उभ्या राहिल्या असत्या. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. गाण्यानं मुकादमाची उचल फिटत नाही. कोपीतल्या अंधारात विंचू चावायचा राहत नाही. ऊसतोडीला जावं लागू नये, हेच खरं मागणं आहे, आणि जोवर जावं लागतं तोवर लेकराला वसतिगृह, बाईला दवाखाना आणि कोयत्याला नीट दाम हवा. यातलं काहीही ओवीच्या बदल्यात सोडायचं नाही. पण ओवी मुकाट सोसायला शिकवते हे मला मान्य नाही. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. माझ्या थोरल्या जावेनं भर घरात, सासरा पलीकडच्या खोलीत जागा असताना, कुणी तिला उपाशी ठेवलं ते जात्यावर सांगितलं. दिवसा तिनं ते तोंडातून काढलं असतं तर मार खाल्ला असता. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांना भाऊ मानून ओव्या गायल्या, त्याही ‘पारी’च्या संग्रहात आहेत. ज्या बाईला माहेरून मुराळी यायची आशा नव्हती तिनं असा भाऊ धरला, की ज्यानं तिला पोरं शाळेत घालायला सांगितलं. याला सोसणं म्हणता येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या आहेत, आणि त्या फार खर्चाच्या नाहीत. पहिली मागणी अंगणवाडीताईंना आणि हंगामी वसतिगृहांच्या ताई-दादांना. आठवड्यातून एक दुपार आज्यांना आत येऊ द्या. सूप द्या, शेंगा फोडायला द्या, हाताला काम द्या आणि त्या काय म्हणतात ते लेकरांना ऐकू द्या. बडबडगीतं राहू द्यात, त्यांनी लेकरू हसतं. पण ज्याची माय दूर आहे त्याला चांदोबाचं गाणं पुरत नाही.

दुसरी मागणी आकाशवाणीच्या परभणी केंद्राला. ऊस हंगामाच्या महिन्यांत आठवड्यातून अर्धा तास घरच्या आवाजांना द्या. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, आणि ओवी कुणासाठी आहे तेही सांगा. आकाशवाणी आता मोबाइलवरही ऐकता येते, म्हणजे परभणीचा आवाज सांगली-कोल्हापूरच्या फडात पोचू शकतो. तिसरी मागणी कारखान्यांना आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी काढलेल्या महामंडळाला. कोपीच्या तळावर दिवा आणि मोबाइल चार्ज करायची सोय द्या. बाया चौकातल्या टपरीवर पैसे देऊन फोन चार्ज करतात आणि त्यातले दोन तास मुकादमाच्या फोनची वाट बघण्यात जातात. लेकराचा आवाज ऐकायला बॅटरी उरत नाही.

चौथी मागणी वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे. घरात ओवी येणारी आई, आजी, मावशी, सासू असेल तर तिचा आवाज भरून ठेवा. पण फोन तिच्या तोंडापुढं धरून ‘‘म्हण’’ म्हणू नका. तिला आठवणार नाही. माझ्या मायेलाही आठवलं नव्हतं. दोनशे ओव्या येणारी बाई फोनपुढं गप्प बसली, ‘‘इसरले माय’’ म्हणाली, तोंडाला पदर लावला. मग भावानं अडगळीतलं जातं काढलं, धुतलं, त्यात हरभरे घातले, मी समोर बसले आणि खुंट्याला हात लावला. हात फिरला तशी एकामागून एक ओवी सुटत गेली. ते ओवी-गाणं हातात साठवलेलं असतं. माझ्याकडं तिच्या एकोणतीस ओव्या आहेत. तेराव्या ओवीत मधेच थांबून ती मला सांगते, ‘‘घास लहान घाल, डाळ कचरती.’’ ते मी काढून टाकलेलं नाही. माय गेल्यापासून सगळ्यात जास्त वेळा मी तेच ऐकलं आहे.

आणि आता त्या पोरीच्या आजीचं सांगते. गेल्या हंगामात ती माझ्याकडं आली. पोरगी आता शाळेत जाते, माय-बाप अजून कोयत्यावर जातात. म्हातारीला कुणी तरी सांगितलं होतं की मी आवाज भरून पाठवते. आम्ही ओसरीत जातं मांडलं, तूर भरडायला घेतली. नात तिच्या पाठीला टेकून बसली. मी फोन सुपात ठेवला, बटण दाबलं आणि खुंट्याची माझी बाजू धरली. जातं दोन फेरे फिरलं असेल, तोच म्हातारीनं हात थांबवला.

‘‘ती ऐकंल तव्हा फडात आसंल का कोपीत?’’

मी म्हटलं, ‘‘कधी ऐकेल ते कसं सांगावं मावशी? का?’’

‘‘फडात आसंल तर दुसरी म्हणते. ही म्हणले तर डोळे भरत्यात तिचे. अन् हातात कोयता आसतो.’’

थोडा वेळ ती खुंटा धरून बसली. मग तिनं दुसरी ओवी धरली, बैलांची.